बाबांच्या पेटीतलं ख्रिस्तपुराण बाहेर काढलं, आता सुरू कसं करू?

धुऱ्यावरची बाभूळ (सोमवार, रात्री ८.५०)

सगळ्यांना सलाम.

यंदा आमच्याकडे कापसाची वेचणी संपून उलंगवाडी लवकर झाली. पऱ्हाटी उपटून धुऱ्याला रचली, तूर घरात आली आणि कितीतरी वर्षांनी फेब्रुवारीत हाताला उसंत मिळाली. परवा माळ्यावरची बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात त्यांचा चष्मा, उपासना संगीत या भजनपुस्तकाची सुटी झालेली प्रत, आणि मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं ते जाड पुस्तक. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, चारशे वर्षांपूर्वी जुन्या मराठीत ओव्यांतून सांगितलेली बायबलची गोष्ट. १९५६ साली पुण्यात निघालेली शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती.

आमचे बाबा यवतमाळच्या सेमिनरीच्या, म्हणजे पाळक (पास्टर) घडवणाऱ्या शाळेच्या, मेसमध्ये कामाला होते. १९८३ साली सेमिनरी पुण्याला गेली, तेव्हा सामान बांधायला बाबाच होते. जाता जाता कोणीतरी त्यांना हे पुस्तक दिलं. बाबा सातवी शिकलेले. दरवर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधीचा (ईस्टरआधीचा) उपवासकाळ लागला की गठुडं सोडायचे, पुस्तक पुसायचे, दोन पानं वाचायचे आणि म्हणायचे, "पुढल्या साली नेटानं वाचू." असे किती तरी पुढले साल गेले. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी स्वतः दोनदा सुरू केलं. दोन्ही वेळा पहिल्या पाच-सात ओव्यांतच अडले आणि झाकून ठेवलं. भाषा आपलीच वाटते, पण हातात येत नाही. आता पुढच्या बुधवारपासून उपवासकाळ लागतो. या वेळी सोडायचं नाही असं ठरवलं आहे. तुमच्यापैकी कोणी वाचलं आहे का? पहिल्यापासून वाचावं की मधून? अर्थाचं दुसरं पुस्तक जवळ ठेवावं का? माय निरक्षर आहे, पण तिला ऐकायचं आहे. तिला कळेल का?

---

पोट्टा नंबर एक

अकरा हजार ओव्या आहेत म्हणे! ताई, तुम्ही सुरू करा. आम्ही रोज इथं येऊन विचारू, आज कुठवर आल्या म्हणून.

---

वसईची लेक

बाभूळताई, तुमची पोस्ट वाचून मी उठून माझी प्रत काढली. मी मूळची वसईची, लग्न होऊन अमरावती जिल्ह्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. माहेरी हे पुस्तक सगळ्यांना नावानं माहीत होतं, वाचलेलं मात्र फार थोड्यांनी. शाळेत मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या पाठ करून घेतल्या, तिथंच संपलं. मी पूर्ण वाचलं ते इथं आल्यावर. पहिल्या वर्षी मंडळी (चर्च) लांब, ओळखीचं कोणी नाही, म्हणून.

आधी मांडणी सांगते म्हणजे धास्ती कमी होईल. पुस्तकाचे दोन भाग आहेत, पैलें पुराण आणि दुसरें पुराण. पहिल्यात बायबलचा जुना करार, जगाच्या उत्पत्तीपासून. दुसऱ्यात प्रभूचा जन्म, सेवा, दुःखसहन, पुनरुत्थान. अध्यायाला ते 'अवस्वरू' म्हणतात. पहिल्यात ३६, दुसऱ्यात ५९, मिळून ९५. दिवसाला दोन धरले तर अठ्ठेचाळीस दिवस. उपवासकाळ लागतो त्या राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाचा रविवार धरून सत्तेचाळीस दिवस होतात. म्हणजे एक दिवस तीन वाचले की बरोबर सणाला संपतं. मी असंच केलं होतं.

अर्थासाठी फादर नेल्सन फलकाव यांची २००९ ची आवृत्ती आहे, तिच्यात ओव्यांना आजच्या मराठीतला गद्य अर्थ दिला आहे. पण माझं ऐका, पहिले आठ दिवस ते उघडू नका. अर्थ हाताशी असला की डोळा तिकडेच पळतो आणि ओवी मागे राहते.

---

अकोटचा पाहुणा

पुस्तक मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. मी दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून ख्रिस्तपुराण मागवलं. आलं ते सगळं रोमन लिपीत! १९०७ साली मंगळूरला निघालेल्या आवृत्तीची छापील नक्कल होती, आणि मधली काही पानं पार कोरी. परत घ्यायला ते तयार झाले नाहीत. तेव्हा मागवण्याआधी लिपी कोणती ते विचारून घ्या. ताई, तुमच्याकडे बंडेलूंची देवनागरी प्रत आहे म्हणजे तुमचं अर्धं काम झालं.

---

पोट्टा नंबर एक

मराठी पुस्तक इंग्रजी अक्षरात कायले छापलं पण?

---

जुनं दप्तर

कारण त्या वेळी गोव्यातल्या छापखान्यात देवनागरी खिळे (छपाईची अक्षरं) नव्हते. मी निवृत्त शिक्षक, जिल्हा वाशीम. थोडं सविस्तर लिहितो.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. जन्म १५४९ चा. येशूसंघात (जेझुइट) दाखल होऊन तो १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि १६१९ साली तिथंच वारला. चाळीस वर्षं. बहुतेक काळ गोव्यातल्या साष्टी भागात. त्यानं आपल्या भावाला १५८३ साली जे पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं म्हटलं आहे. कोकणी भाषेचं व्याकरणही त्याचंच, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली साष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं. ख्रिस्तपुराण १६१६ साली निघालं. नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं, पण या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. जे टिकलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.

मला या गोष्टीचं फार वाटतं. छापलेलं गेलं आणि हातानं लिहिलेलं राहिलं. म्हणजे घराघरांत कोणी तरी रात्री दिव्याशी बसून हे उतरवत होतं. ताईंच्या बाबांनी लुगड्यात बांधून ठेवलं, ते त्याच ओळीतलं.

---

मंडळीतला

सर्वांना जय ख्रिस्त. ताईंचा उत्साह चांगला आहे, पण एक शंका मांडतो, राग मानू नये. आपण विदर्भातले बहुतेक प्रोटेस्टंट. आपल्याला पवित्र शास्त्र (बायबल) पुरेसं आहे. हे पुराण कॅथलिक फादरनं लिहिलेलं, त्यात येशूची आई मरिया हिची स्तुती आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे, आणि सुरुवातच 'ओं नमो' अशी. उपवासकाळात मन एकाग्र करायचं, तेव्हा असं मिश्र वाचन कशाला? मायला ऐकवायचं तर मत्तयापासून शुभवर्तमान ऐकवा. भाषा सोपी, आधार पक्का.

---

वसईची लेक

दादा, मरियेबद्दल आपण दोघं कधी एकमत होणार नाही, ते बाजूला राहू द्या. पण 'वैकुंठ'वर सांगते. 'देव' हा शब्द कुठून आला? 'परमेश्वर'? 'भजन', 'उपासना', 'संगीत'? हे सगळे शब्द इथल्याच मातीतले. साष्टीतला माणूस 'वैकुंठ' म्हणताच मान वर करून बघत होता. फादरनं तोच शब्द घेतला आणि त्यात कोण राहतो ते सांगितलं.

---

पाळकांची सून

मला दोन्ही पटतं. आमच्या मंडळीत दर रविवारी नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतात, ती अभंगाच्या चालीवर. त्याला कोणी मिश्र म्हणत नाही.

आणि टिळकांचं नाव निघालं म्हणून सांगते, त्यांना नवा करार मिळाला तो आपल्याच रेल्वेमार्गावर. १८९३ साली ते नागपूरकडून राजनांदगावला जात होते, गाडीत एका मिशनऱ्याशी बोलणं झालं आणि त्यानं नवा करार हातात ठेवला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि माणूस पार बदलला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा. नागपुरात ते बुटी या धनिक घराण्याकडे होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांत आहे.

टिळकांनी पुढे ख्रिस्तायन लिहायला घेतलं, तेही ओव्यांत. थोडे अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. मग लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली तिनं! बाभूळताई, ख्रिस्तपुराण जड वाटलं तर ख्रिस्तायन घ्या. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, चारशे नाही. माझ्या सासूबाई तेच वाचतात.

---

धुऱ्यावरची बाभूळ

सगळ्यांचे आभार. सूनबाई, ख्रिस्तायन नक्की वाचीन, पण पुढल्या साली. (हे लिहिताना बाबांचा आवाज कानात आला.) या साली हेच. पेटीतून निघालं ते हे आहे.

मंडळीतल्या दादांना: तुमची शंका माझ्याही मनात होती. मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, शास्त्राच्या जागी ठेवू नका, शास्त्राच्या शेजारी ठेवा. मी तसंच करणार.

---

पारायणी

ताई, मी ख्रिस्ती नाही. आमचं गाव शेगावपासून बैलगाडीनं दोन तासांवर. पण पोथी सुरू कशी करावी हे आमच्या आजीइतकं कोणाला कळत नव्हतं, म्हणून लिहितो.

आजीला वाचता येत नव्हतं. गजानन विजय ग्रंथाचे २१ अध्याय तिला ऐकून ऐकून पाठ होते. वाचायला मी बसायचो, वय नऊ. तिचे नियम असे. जागा एकच ठेवायची, रोज नवी नाही. वेळ एकच. पुस्तक मांडीवर नाही, पाटावर. आणि मनातल्या मनात वाचायचं नाही, मोठ्यानं. मी म्हणायचो, "आजी, यातलं मला काही कळत नाही." ती म्हणायची, "तू वाच बाप्पा. कळायचं काम माझं."

तिसरा अध्याय होईपर्यंत मी अडखळत होतो. नंतर काय झालं कोण जाणे, जीभच पुढे जायला लागली. ओवीला साडेतीन पायऱ्या असतात म्हणतात ना, चौथ्या चरणाला श्वास आपोआप टेकतो. डोळ्यांनी वाचलं तर ते समजत नाही. तुम्ही दोनदा अडल्या ते मनात वाचत होत्या म्हणून असेल. मोठ्यानं वाचून बघा.

---

रिद्धपूरकर

पारायणी भाऊ लाखाचं बोलले.

मी महानुभाव. आमच्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिलं, त्यामुळे जुनी मराठी आमच्या घरात रोजच्या उठण्या-बसण्यातली. ख्रिस्तपुराणाबद्दल मी कॉलेजात ऐकलं आणि सहज चाळलं, तर मला ती भाषा परकी वाटलीच नाही. 'जैसें, तैसें, कवण, म्हणौनि' एवढे दहा-बारा शब्द अंगवळणी पडले की बाकी सगळं आपलं वऱ्हाडीच आहे. पुण्याच्या माणसाला ते जड जाईल, आपल्याला नाही.

आणखी एक सांगतो. आमच्या पोथ्या शेकडो वर्षं सकळा लिपीत होत्या, बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. फादरचं पुराण रोमन लिपीत, खिळे नव्हते म्हणून. दोन्हीकडे मराठी, पण अंगावर दुसऱ्याचे कपडे. दोन्ही देवनागरीत छापून आली ती फार उशिरा. ताई, अडलं तर इथं ओवी लिहा. मी रात्री असतो.

---

कोरडवाहू

सगळे गोड बोलून राहिले, मी थोडं कडू बोलतो. हे पुराण लिहिलं गेलं त्या साष्टीत १५६७ च्या सुमारास देवळं पाडली गेली होती. लोकांची जुनी पुराणं काढून घेतली आणि मग त्या जागी हे दिलं. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच पाद्री मारले गेले, ते उगाच नाही. पुढे १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारनं लोकांच्या भाषेवरच बंदी आणली. पुस्तक सुंदर असेल, मी नाही म्हणत नाही. पण कोणत्या अंगणात ते झाड लावलं हे विसरून वाचू नये.

---

जुनं दप्तर

कोरडवाहू यांनी सांगितलेल्या गोष्टी खऱ्या आहेत. त्यात एक भर घालतो. पुराणातच हा प्रश्न आहे. सुरुवातीला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावली, तर आता आम्ही वाचायचं काय? सगळा ग्रंथ त्या विचारण्यातून सुरू होतो. लिहिणाऱ्यानं ती पोकळी लपवलेली नाही. ज्यांचं गेलं होतं त्यांच्या तोंडी ती घातली आहे.

---

धुऱ्यावरची बाभूळ

कोरडवाहू दादा, तुम्ही लिहिलं ते बरं केलं. मला हे माहीत नव्हतं, आणि दोन दिवस ते डोक्यात राहिलं.

माझंही सांगते. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळातली. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा तो दुष्काळ, वऱ्हाडात माणसं रस्त्यावर पडली होती. तिचे आईबाप कारंज्याच्या वाटेवर वारले आणि तिला मिशनच्या अनाथालयात आणलं. वय चार-पाच. गावात आजही कोणी भांडणात म्हणतं, "तुमचं काय, तुम्ही भाकरीसाठी ख्रिस्ती झालेले." लहानपणी मी हे ऐकून रडत घरी यायची. बाबा म्हणायचे, "भाकर दिली हे खरंच आहे. ज्यानं दिली त्याचं नाव विचारलं, यात काय चुकलं?"

साष्टीत जे झालं ते आणि आमच्या पणजीचं, एक नाही. तिथं जोर होता, इथं भूक होती. पण सुरुवात कशीही झाली, तरी पुढच्या चार पिढ्यांनी जी प्रार्थना केली ती त्यांची स्वतःची होती. माझ्या मायची प्रार्थना तिची आहे. साष्टीतल्या ज्या माणसांनी पोथ्या हातानं उतरवून घेतल्या, त्यांच्यावर तरी कोणी त्या उतरवायचा जोर केला नसेल. मी वाचताना दोन्ही लक्षात ठेवीन.

---

कोरडवाहू

ताई, पटलं. वाचा तुम्ही. मी पण ऐकतो.

---

पोट्टा नंबर एक

आज बुधवार. हजेरी घ्यायला आलो. झाली का सुरुवात?

---

धुऱ्यावरची बाभूळ (बुधवार, रात्री ११.१५)

झाली.

आमच्याकडे या आठवड्यात थ्री-फेज लाइट रात्री बारानंतर आहे, गव्हाला पाणी सोडायला तेव्हा जावं लागतं. म्हणून आठची वेळ धरली. पारायणी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पाट मांडला, सारवलेल्या ओसरीवर, बाबा बसायचे त्या खांबाशी. मुलगी बाजूला अभ्यासाला. माय समोर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. मी म्हटलं, माय, हात थांबव थोडा. ती म्हणाली, हातानं कोण ऐकते, तू वाच.

मोठ्यानं सुरू केलं:

ओं नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचेया रचणारा

मायचा हात थांबला. "काय म्हटलं? देवा बापा?" मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "हे तर आपलंच बोलणं आहे." तिची रोजची प्रार्थना तशीच सुरू होते, 'देवा बापा, आजचा दिस दाखवला'. चारशे वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडून आलेल्या माणसानं लिहिलेलं आणि आमच्या मायचं, शब्दाला शब्द एक. मी पुढे वाचूच शकले नाही दोन मिनिटं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. पुढे याच पहिल्या अवस्वरूत ती मराठीची ओवी आली, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

मी इतकी वर्षं समजत होते की हरळ म्हणजे हराळी. वावरातलं गवत, निंदून निंदून जीव जातो ते. हराळीत रत्न चमकतं असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि मला ते आवडायचंही. मुलीला तसंच समजावून सांगत होते. तर माय म्हणाली, "हराळी नाही व. हरळ." आणि सुपात बोट फिरवून तिनं डाळीतला खडा उचलला, तुरीच्या दाण्याएवढा, मातकट, आणि दिव्यासमोर धरला. "ही हरळ. दाताखाली आली की कळते."

म्हणजे खड्यांच्या ढिगात रत्न. गवतात नव्हे. अर्थाचं पुस्तक उघडायची गरजच पडली नाही. निरक्षर मायला कळेल का असं मी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं, त्याची मला आता लाज वाटते. कळलं नव्हतं ते मला.

मुलीनं तो खडा कंपासपेटीत ठेवला आहे.

पहिला अवस्वरू वाचायला तासाच्या वर लागला. दुसरा उद्या. मी मोटार सुरू करायला निघते.

---

रिद्धपूरकर

मायला माझा दंडवत प्रणाम सांगा. हरळ म्हणजे खडा हेच बरोबर.

---

पारायणी

आजीची आठवण झाली ताई. डोळे भरून आले.

---

मंडळीतला

ताई, वाचलं. 'देवा बापा' ही ओवी मी घरी मोठ्यानं म्हणून पाहिली. चांगली आहे. वैकुंठाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, मरियेबद्दलही. पण एक करता येईल. तुम्ही ज्या दिवशी जो भाग वाचाल, त्याचा शास्त्रातला अध्याय मी इथं लिहीत जाईन. उत्पत्तीपासून लावून घेऊ. म्हणजे पाळकसाहेब म्हणाले तसं शेजारी शेजारी होईल.

---

वसईची लेक

दादा, हे तुम्ही फार चांगलं सुचवलं. मी मागच्या खेपेला एकटी होते.

---

धुऱ्यावरची बाभूळ (दुसरा मंगळवार)

सात दिवस झाले. दिवसाला दोनचं जमत नाही, खरं सांगते. अवस्वरू लांब आहेत, सरासरी शंभराच्या वर ओव्या. आठ झाले. मध्ये एक दिवस हरभऱ्याचं मळणीयंत्र आलं तर वाचणंच झालं नाही. सणापर्यंत पूर्ण होईल असं दिसत नाही. वसईच्या ताईंचा हिशेब चुकवला म्हणून वाईट वाटलं.

पण ऐकायला माणसं वाढली. शेजारची काकू सुरुवातीला दारातून ऐकायची, आता सतरंजी घेऊन येते. त्या पोथी वाचणाऱ्यांतल्या, माळकरी. काल आदाम-एवाची गोष्ट चालली होती, देवानं बागेतून बाहेर घातलं त्या जागी त्या म्हणाल्या, "आता यायले पोटासाठी राबा लागते म्हणा." माय म्हणाली, "तवापासूनच तर राबून राहिलो." आणि दोघी आपापल्या गुडघ्यांना हात लावून थोडा वेळ गप्प बसल्या. मीही थांबले.

---

पाळकांची सून

संपवायची घाई करू नका. पुनरुत्थानापर्यंत पैलें पुराण झालं तरी पुष्कळ. दुसरं नाताळाकडे घ्या, प्रभूचा जन्म त्यातच आहे.

---

वसईची लेक

हिशेब माझा होता, तुमचा नाही. माझ्या घरी तेव्हा लेकरू नव्हतं, गव्हाला पाणीही नव्हतं. सूनबाईंचं ऐका.

---

धुऱ्यावरची बाभूळ

तसंच करते. आता एक अडचण. लुगड्यात बांधलं होतं तरी पेटीच्या बाजूनं वाळवी शिरली होती. पुढच्या अवस्वरूची चार पानं वरच्या कोपऱ्यात खाल्ली आहेत. प्रत्येक पानावरच्या दोन-तीन ओव्यांचा पहिला चरण गेला आहे. बाबा त्या पानापर्यंत कधी पोचलेच नाहीत, नाहीतर त्यांना दिसलं असतं. आज मी तिथं आले आणि माय विचारते, थांबली कायले?

---

जुनं दप्तर

अशी पानं फाडू किंवा चिकटवू नका. साधी चिकटपट्टी तर मुळीच लावू नका, कागद पिवळा पडून तुटतो. पुस्तक पेटीत परत ठेवायचं नाही. हवेशीर फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, आणि शेजारी कडुनिंबाचा वाळलेला पाला.

---

वसईची लेक

माझ्याकडची प्रत धड आहे. अवस्वरू कितवा आणि उरलेल्या चरणांतले पहिले दोन शब्द सांगा. आज स्वयंपाक आटोपला की हातानं लिहून फोटो पाठवते. टाइप करत नाही, तुमच्या पानाला जोडून ठेवायला हातचंच बरं.

---

धुऱ्यावरची बाभूळ

अवस्वरू नववा. शब्द खाली लिहिले आहेत, चारही पानांचे. ताई, अक्षर थोडं मोठं काढा. उद्या मुलगी वाचणार म्हणाली आहे.